जुन्या डबल-ओ मॉडेल रेल्वेगाड्या ऑनलाइन लिलावात घेताना फोटोतून आणि वर्णनातून काय ओळखायचं?

मिडलंड_मेल

नमस्कार मंडळी. ईबे यूकेवर तीन लॉटवर डोळा ठेवून आहे, तिन्ही रविवारी रात्री संपताहेत. मॉडेल रेल्वेचा लेआउट डबल-ओ (१:७६ प्रमाणाचा), रूळ पेको कंपनीचे कोड ७५, गाड्या डीसीसीवर (डिजिटल नियंत्रणावर, त्यासाठी इंजिनात डिकोडर नावाची चिप लागते) चालतात. टपालखर्च धरून १५० पौंडांच्या वर जायचं नाही, आणि तिन्ही घ्यायलाच हवेत असंही नाही.

पहिला लॉट: हॉर्नबीचं क्लास ३१ डिझेल, खोक्यासकट. "डीसीसी रेडी, फार तर दोनदा चालवलेलं, उत्तम स्थिती." फोटो चार, सगळे वरून तिरके काढलेले.

दुसरा: माळ्यावरून निघालेला जॉब लॉट (एकत्र विकायला काढलेला सरमिसळ माल). हॉर्नबी डब्लोचं एक टँक इंजिन, ट्राय-अँगची दोन इंजिनं, सात-आठ वाघिणी, खोकंभर रूळ आणि एच अँड एम ड्युएट कंट्रोलर. "अनटेस्टेड, जसं आहे तसं."

तिसरा: बाखमनचं वाफेचं इंजिन, १९९०च्या दशकातलं, खोकं नाही, "गुड रनर".

यातलं काय सोडावं? विक्रेत्याला नेमकं काय विचारावं? आणि बोली कशी लावावी?

---

लोकोशेड

पहिल्या लॉटपासून सुरू करते. वर्णनातला एकही शब्द खोटा नसताना तुमचे पैसे बुडू शकतील असा तो लॉट आहे.

क्लास ३१ वेगवेगळ्या साच्यांतलं मिळतं. लिमा कंपनीचं जुनं ३१ एका बोगीत (इंजिनाखालच्या चाकांच्या गाड्यात) बसवलेल्या चपट्या मोटरवर चालतं, त्यात डीसीसीचं सॉकेट नसतं. तुमच्या लॉटवर "डीसीसी रेडी" आहे म्हणजे ते २००० नंतरच्या नव्या साच्यातलं: मोटर मधोमध, दोन्ही बोग्यांना गती, ८ पिनांचं सॉकेट. चालायला लिमापेक्षा कितीतरी सरस. पण नेमकं हेच मॉडेल मॅझॅक रॉटसाठी बदनाम आहे.

मॅझॅक म्हणजे जस्त आणि ॲल्युमिनियमचा ओतीव मिश्रधातू. ओतताना त्यात शिशासारखी भेसळ जराशी जास्त गेली की धातूच्या कणांच्या सीमांवर आतल्या आत गंज धरतो. ठोकळा फुगतो, लांबीने वाढतो, मग त्याला बारीक चिरा पडतात आणि शेवटी कोपरे हाताने तुटतात. हे इंजिन चालवल्याने होत नाही, खोक्यात न उघडता ठेवलेल्यालाही होतं. त्यामुळे "फार तर दोनदा चालवलेलं" हे वाक्य इथे निरुपयोगी आहे. दमट जागेत वेग वाढतो. एकदा सुरू झाला की थांबवायचा उपाय नाही, रंग लावून किंवा सुपरग्लू भरून काही होत नाही. चासी बदलायची किंवा मोटर, बोग्या, सर्किट बोर्ड सुट्या भागांसाठी काढून घ्यायचे.

म्हणून तिरक्या फोटोंवर बोली लावू नका. विक्रेत्याकडे तीन फोटो मागा. एक अगदी समोरून बाजूचा, कॅमेरा रुळाच्या उंचीवर, इंजिन सपाट काचेवर किंवा सरळ रुळावर ठेवलेलं. त्यात कॅबच्या खालची कड आणि चासी यांच्यात फट दिसते का, एका टोकाचं कपलिंग दुसऱ्यापेक्षा खाली झुकलंय का, आणि छताची रेष मधे उचललेली आहे का ते बघायचं. केळ्यासारखा बाक आला असेल तर या फोटोत लपत नाही. दुसरा फोटो इंजिन उलटं करून पोटाचा, त्यावर पोलादी पट्टी लांबीत आडवी ठेवून. पट्टीखालून उजेड कुठे दिसतो ते पाहा. तिसरा दोन्ही टोकांचा जवळून, बफरच्या मागे. चासी फुगली की ती बॉडीला आतून ढकलते, त्यामुळे पहिली चीर प्लास्टिकच्या टोकांना पडते. धातूवर पांढुरकी पूड किंवा सुकलेल्या चिखलासारखं जाळं दिसलं तर पुढे विचारच नको.

विक्रेता बॉडी काढून दाखवायला तयार असेल तर उत्तमच, पण तसा हट्ट धरू नका. ज्याला सवय नाही तो क्लिपा तोडून ठेवतो.

आता "डीसीसी रेडी". याचा अर्थ फक्त सॉकेट आहे, डिकोडर नाही. डिकोडर बसवलेला असेल तर "डीसीसी फिटेड" लिहितात. हॉर्नबीच्या आर नंबरच्या (आर अक्षराने सुरू होणाऱ्या कॅटलॉग क्रमांकाच्या) शेवटी एक्स असेल तर कारखान्यातून डिकोडर घातलेला, टीटीएस असेल तर आवाजाचा. बाखमनमध्ये नंबरानंतर डीसी म्हणजे डिकोडर, डीएस किंवा एसएफ म्हणजे आवाज. पण हा नंबर खोक्यावर असतो आणि खोकी बदललेली असतात! खोक्याच्या टोकाचं लेबल आणि इंजिनावरचा रनिंग नंबर जुळतो का ते आधी पाहा. न जुळलेलं खोकं म्हणजे बिनखोक्याचं इंजिन, भाव त्याच हिशेबाने द्यायचा. साध्या ८ पिनी डिकोडरचे २० ते ३५ पौंड तुमच्या बोलीतून वजा करायला विसरू नका.

तिसऱ्या लॉटबद्दल. १९९०च्या दशकातली बाखमनची बरीच वाफेची इंजिनं जुन्या मेनलाइन कंपनीच्या धर्तीवर स्प्लिट चासीची आहेत. म्हणजे धातूची चासी उभी दोन भागांत असते, डावा भाग डाव्या रुळाची वीज घेतो, उजवा उजव्याची, मधे प्लास्टिकचे तुकडे. चाकांचे ॲक्सलही दोन अर्धे, प्लास्टिकच्या नळीने जोडलेले. ही नळी जुनी झाली की तडकते, चाक आपल्या जागेवरून फिरतं, मग साइड रॉड (चाकांना जोडणारे दांडे) अडकतात आणि इंजिन दर फेऱ्याला लंगडतं.

हे फोटोत पकडता येतं. एका बाजूच्या सगळ्या चाकांचे क्रँकपिन (साइड रॉड अडकवायच्या खिळी) घड्याळाच्या एकाच आकड्यावर असायला हवेत. पहिल्या चाकाचा पिन तीनवर आणि शेवटच्याचा साडेतीनवर दिसला तर नळी गेली. मग व्हिडिओ मागा, पण पूर्ण वेगाचा नको. चालण्याच्या गतीने, दोन्ही दिशांना, प्रत्येकी अर्धा मिनिट. पूर्ण वेगात लंगडं इंजिनही गुळगुळीत पळतं.

आणि डीसीसीचं म्हणाल तर स्प्लिट चासीत सॉकेट नाही. मोटरचे दोन्ही ब्रश (मोटरला वीज पोचवणारे कोळशाचे तुकडे) चासीला थेट टेकलेले असतात, ते आधी वेगळे करून तारा डाखून डिकोडर बसवावा लागतो. डाखकामाचा हात बसलेला असेल तर जमतं. नसेल तर हा लॉट तुमच्यासाठी नाही, कितीही स्वस्त जावो.

---

बोगी_नं_७

लोकोशेडताईंना +१. मी जॉब लॉटचं बघतो.

डब्लोचं टँक इंजिन तुमच्या रुळावर चालायचं नाही, निदान तीन रुळी असेल तर नाहीच. हॉर्नबी डब्लो १९३८ साली आलं ते तीन रुळांचं: मधल्या रुळातून १२ व्होल्ट डीसी घ्यायचं, परत जायचं बाहेरच्या दोन्ही रुळांतून. त्यामुळे डावी-उजवी चाकं एकमेकांपासून इन्सुलेटेड नाहीत. दोन रुळी ट्रॅकवर ठेवताक्षणी शॉर्ट. दोन रुळी डब्लो १९५९ च्या सुमारास आलं, आणि १९६४ मध्ये कारभार ट्राय-अँगवाल्यांकडे गेला. ओळखायचं कसं? पोटाचा फोटो. चाकांच्या मधोमध खाली तांब्या-पितळेच्या स्प्रिंगपट्ट्या लोंबत असतील तर तीन रुळी. लॉटमधल्या रुळांना मधली तिसरी पट्टी दिसत असेल तर प्रश्नच मिटला.

असं इंजिन संग्राहकांना हवं असतं, विशेषतः मूळ निळ्या खोक्यात. तुम्हाला चालवायला नको असलं तरी पुढे विकून लॉटचा खर्च भागेल. पण तो विक्रीचा उद्योग करायचा असेल तरच तो पैसा हिशेबात धरा.

ट्राय-अँगच्या इंजिनांत बहुधा एक्स-०४ मोटर असते, उघड्या चौकटीची. ही मोटर मरत नाही, फक्त रुसते. दोन ब्रशना एकच स्प्रिंग दाबते आणि तिच्या एका पायावर इन्सुलेशनची छोटी नळी चढवलेली असते. ती नळी गळून पडली की मोटर शॉर्ट होते आणि विक्रेता लिहितो "डेड". दहा मिनिटांचं काम आहे. दुसरी तक्रार चुंबक उतरण्याची. १२ व्होल्टवर चाकं मोकळी फिरताना मोटर सतत एक अँपिअरच्या वर ओढत असेल, चटका बसेल इतकी तापत असेल आणि तरी जोर नसेल तर चुंबक अशक्त झालाय. एक सांगून ठेवतो, साफसफाईसाठी आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) काढून चुंबक मोकळा ठेवू नका. या जुन्या चुंबकांची ताकद आर्मेचर बाहेर काढल्यावर उतरते. काढावंच लागलं तर मधल्या जागेत लोखंडाचा तुकडा लगेच चिकटवायचा.

पण मोटर जिवंत झाली तरी चाकांचं काय? ट्राय-अँगच्या चाकांच्या फ्लँज (आतल्या बाहेर आलेल्या कडा) खोल आहेत. कोड ७५ म्हणजे रुळाची उंची ०.०७५ इंच, तिथे या फ्लँज रुळाच्या खुर्च्यांवर (रूळ धरून ठेवणाऱ्या उंचवट्यांवर) आपटत जातात आणि सांध्यात (गाडी रूळ बदलते त्या पॉइंटवर) चढतात. कोड १०० वर निभावतात. जुन्या लिमाचीही हीच रड. वाघिणींची चाकं बदलणं सोपं आणि स्वस्त, इंजिनाची बदलणं नाही.

रुळांचं खोकं: विक्रेत्याला सांगा, फ्रिजचं मॅग्नेट रुळावर टेकवून बघ. चिकटलं तर पोलादी, ते गंजतात आणि त्यांची वीज सारखी तुटते. निकेल सिल्व्हरला मॅग्नेट चिकटत नाही. पोलादी रूळ फुकट मिळाले तरी टपालाचं वजन वाढवतात, एवढंच.

ड्युएट कंट्रोलरबद्दल थोडं कडक बोलतो. धातूची पेटी, जुनी वायर, रबर कडक होऊन तडकलेलं, आणि कित्येकदा आर्थची तार जोडलेलीच नसते. पोचल्यावर प्लग लावून "चालतो का बघू" असं करायचं नाही. मुख्य वायर बदलून, पेटीला आर्थ जोडून, मीटरने तपासल्याशिवाय भिंतीत खुपसू नका. आणि डीसीसीची वायर जोडलेल्या रुळाला तो कधीही जोडायचा नाही, डीसीसीचा बूस्टर (रुळांना वीज पुरवणारा भाग) जाईल आणि डिकोडरही जातील.

माझं मत: दुसरा लॉट सोडा. कोड ७५ आणि डीसीसीवाल्याला त्यातल्या वाघिणींपलीकडे काही उपयोगाचं नाही.

---

हातोडा

मालाचं तज्ज्ञांनी सांगितलंच. मी फक्त पैशाचं बोलतो, कारण लोक तिथेच वाहवत जातात.

भाव ठरवायचा तो चालू जाहिरातींवरून नाही, "सोल्ड आयटम्स" फिल्टर लावून. जे मागितलंय तो भाव नव्हे, जे दिलंय तो भाव. तोच आर नंबर, तीच स्थिती. समजा चालू स्थितीतले तसेच ५८, ६४, ६६ आणि ९१ ला गेले. ९१ विसरा, त्या रात्री दोन हट्टी लोक भिडले असतील. ६४ धरा. त्यातून टपाल ५, डिकोडर २५, आणि विक्रेत्याने फोटो धड दिले नाहीत म्हणून जोखमीचे १० वजा. २४ उरले. तुमची बोली २४, संपलं. "अनटेस्टेड" लिहिलेलं इंजिन बंदच आहे असं धरून भाव काढा. १२ व्होल्टची बॅटरी चाकांना टेकवायला मिनिट लागतं, ते ज्याने केलं नाही त्याने ते का केलं नाही हे तुमचं तुम्ही समजा. माळ्यावरच्या वारसांच्या मालाला मात्र हा न्याय थोडा सैल लावता येतो, त्यांना खरंच माहीत नसतं.

ईबेवर बोली शेवटच्या काही सेकंदांत टाका, एकदाच, कमाल रकमेची. ईबेवर वेळ वाढत नाही. लवकर बोली लावून भाव चढवण्यात फायदा फक्त विक्रेत्याचा. रक्कम गोल ठेवू नका: १५ ते ५९.९९ पौंडांच्या टप्प्यात बोली एकेका पौंडाने वाढते, पण समोरच्याची कमाल ४१ असेल आणि तुमची ४१.३७, तर तुम्ही ४१.३७ ला जिंकता. बरोबरीत मात्र आधी आलेल्याला मिळतं. खासगी विक्रेत्याच्या मालावर दिसणाऱ्या किमतीत ईबेची बायर प्रोटेक्शन फी आधीच मिळवलेली असते, ती वेगळी जोडू नका.

ईबे सोडून प्रत्यक्ष लिलावघरांच्या ऑनलाइन विक्रीत गेलात तर हिशेब पार बदलतो. तिथे हातोडा १०० वर पडला तर तुम्ही १०० देत नाही. बायर्स प्रीमियम (लिलावघर खरेदीदाराकडून घेतं ते कमिशन) २५ टक्के धरा, त्यावर २० टक्के व्हॅट म्हणजे १३० झाले. बोली तिसऱ्या साइटवरून लावली असेल तर तिचे साधारण ५ टक्के अधिक व्हॅट, म्हणजे आणखी ६. पॅकिंग-टपाल १२. झाले १४८. ज्याला १५० ची मर्यादा आहे त्याने तिथे १०० वर थांबायचं. अटी प्रत्येक घराच्या वेगळ्या, लॉटखालची बारीक अक्षरं वाचा. ठरावीक वेळेच्या लिलावात बहुतेक ठिकाणी शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढते, तिथे शेवटच्या सेकंदाची युक्ती फुकट.

परतीचं: विक्रेता व्यापारी असेल आणि खरेदी ईबेवरची असेल तर माल मिळाल्यापासून १४ दिवसांत कारण न देता परत करण्याचा हक्क आहे. खासगी विक्रेत्याकडे तो नाही, पण माल वर्णनाप्रमाणे हवाच. ईबेची मनी बॅक गॅरंटी बहुतेक मालाला माल पोचल्यापासून ३० दिवस. म्हणूनच "गुड रनर" हे शब्द महत्त्वाचे. लंगडं निघालं तर तक्रार टिकते. "अनटेस्टेड" लिहिलेलं बंद निघालं तर टिकत नाही. विचारपूस ईबेच्या मेसेजमध्येच करा, फोनवर नको, म्हणजे उत्तर नोंदीत राहतं.

---

मिडलंड_मेल

सगळ्यांचे आभार. दुसरा लॉट सोडला. बाकी दोघांना काल विचारलं.

क्लास ३१ वाल्याने बाजूचा फोटो पाठवला. एका कॅबखाली नखाच्या जाडीची फट आहे, दुसरीकडे नाही. पोटाच्या फोटोत पट्टी दोन्ही टोकांना टेकते, मधे थोडी अधांतरी. धातूवर चिरा दिसत नाहीत. तो म्हणतो, "बॉडी नीट दाबून बसवली नसेल."

बाखमनवाल्याने व्हिडिओ पाठवला, हळू, दोन्ही दिशांना. चाल एकसारखी, टिकटिक नाही. क्रँकपिन जुळतात. पोटाच्या फोटोत चासीच्या दोन अर्ध्यांमधली रेष स्पष्ट आहे, म्हणजे स्प्लिटच. डाखकाम मी करतो, त्याची भीती नाही.

---

लोकोशेड

३१ सोडा. बॉडी नुसती नीट बसलेली नसती तर पट्टी सरळ राहिली असती. पट्टी टोकांना टेकून मधे उचलली म्हणजे चासीला बाक आलाय. चिरा नंतर दिसतात. सुटे भाग म्हणून घ्यायचं असेल तर तशीच किंमत द्या आणि विक्रेत्याला तसं स्पष्ट सांगा, तो बहुधा नाराज होईल.

बाखमन घ्या. पण पार्सल आलं की लगेच रुळावर ठेवू नका. आधी खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ, त्यात पत्त्याचं लेबल दिसू द्या. मग मल्टिमीटर ओहमवर: एका बाजूचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं चाक. काही ओहम ते काही दशक ओहम आले तर मोटरची वाट ठीक. शून्य आलं तर शॉर्ट. काहीच आलं नाही तर ब्रश टेकत नाहीत किंवा चासीच्या आतल्या बेअरिंगच्या जागी काळा थर आहे. स्प्लिट चासीत वीज ॲक्सलच्या बेअरिंगमधूनच येते, त्यामुळे तिथली घाण म्हणजे "अधूनमधून थांबतं" या तक्रारीचं मूळ. (डिकोडर घातलेल्या इंजिनावर ही ओहमची परीक्षा लागू नाही.)

मग साध्या डीसी (डिकोडरशिवायच्या जुन्या पद्धतीच्या) कंट्रोलरवर ३-४ व्होल्ट. चाकं हलली तर दहा-पंधरा सेकंदांत थांबवा आणि तेल बघा. जुनं तेल पिवळं, मधासारखं चिकट झालेलं असतं. त्याच्यावर नवं तेल ओतायचं नाही. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाच्या काडीने आधी काढायचं, वाळू द्यायचं, मग बेअरिंगवर सुईच्या टोकाइतका प्लास्टिकला चालणारा हलका तेलाचा थेंब, गियरवर किंचित ग्रीस. कम्युटेटरवर (ब्रश घासतात त्या तांब्याच्या भागावर) तेलाचा अंशही नको. त्याच्या खाचांत काजळी साठली असेल तर लाकडी टूथपिकने काढा, सुई वापरली तर तांब्याला ओरखडे पडतात. त्यानंतर मध्यम वेगात दोन्ही दिशांना अर्धा-अर्धा तास.

चाकांमधलं आतलं अंतर कॅलिपरने मोजा, १४.४ ते १४.५ मिमी हवं. कमी भरलं तर कोड ७५ च्या सांध्यावर चाक चढेल. पण स्प्लिट चासीवर चाक ओढून अंतर वाढवायच्या आधी ती प्लास्टिकची नळी बघा. ओढताना तीच फुटते.

डीसीवर समाधान झालं की मगच डिकोडर. तो घालायच्या आधी मोटरचे दोन्ही ब्रश चासीपासून खरोखर तुटलेत का हे मीटरने चारही जोड्यांत तपासा. एकीकडेही संपर्क राहिला तर पहिल्याच प्रयत्नात डिकोडर जळतो, आणि त्याला वॉरंटी मिळत नाही.

---

स्टुटगार्टकर

थोडं विषयांतर, पण इंग्लंडातले लोक इथे हमखास फसतात म्हणून लिहितो. जर्मनीतून "एचओ" म्हणून स्वस्त दिसणारं मर्क्लिन कंपनीचं इंजिन डोळे झाकून घेऊ नका. रुळांची रुंदी तीच, १६.५ मिमी, पण मर्क्लिन मधल्या खिळ्यांवरून वीज घेतं, एसीवर चालतं, चाकं इन्सुलेटेड नाहीत. तुमच्या दोन रुळी डीसीसीवर ठेवलंत तर शॉर्ट. पोटाला लांब घसरपट्टी दिसली की ओळखायचं. शिवाय प्रमाण १:८७, तुमचं १:७६, शेजारी उभं केलं की ते बारकं दिसतं.

जुना निळा २२० व्होल्टचा मर्क्लिन ट्रान्सफॉर्मर तर मुळीच नको. दिशा बदलायला तो साधारण २४ व्होल्टचा झटका देतो, आणि आजच्या २३० व्होल्टच्या विजेवर तो झटका त्याहून मोठा होतो. नवे डिकोडर त्यात जातात.

ब्रेक्झिटनंतर जर्मनीहून इंग्लंडात मागवलं तर २० टक्के व्हॅट लागतो, आणि माल महाग असेल तर सीमेवर तो भरून घेताना कुरिअर हाताळणीचे पैसेही लावतो. बोलीच्या आधीच ते धरा.

---

डेक्कन_क्वीन_पुणे

छान धागा. माझा भाऊ मँचेस्टरला असतो. त्याने तिथे लिलावात घेऊन इकडे पोस्टाने पाठवलं तर?

---

हातोडा

पोस्टाने नको. लघुप्रमाण मॉडेल कस्टम्समध्ये ९५०३ या खेळण्यांच्या वर्गात जातं. खेळण्यांवरचं सीमाशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०. त्यात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना बीआयएसचा शिक्का सक्तीचा आहे, त्यावरून पार्सल अडकतं. वापरलेला माल आयात करण्यावर वेगळे निर्बंध आहेतच. भाऊ सुट्टीला येताना वैयक्तिक सामानात मोजकं आणेल तर ते सोपं पडतं. सामानाची शुल्कमुक्त मर्यादा तेव्हाची ताजी बघून घ्या, आणि खरेदीची पावती बरोबर ठेवायला सांगा.

---

बोगी_नं_७

आणि इंजिन हातातल्या बॅगेत आणायला सांगा, मूळ खोक्यातल्या साच्यात. नसेल तर इंजिन टिश्यू पेपरमध्ये गुंडाळून त्यावर बबल रॅप. बबल रॅप थेट रंगाला लावायचा नाही, उष्णतेत त्याचे गोल ठसे उमटतात. जुन्या स्पंजच्या साच्यातही ठेवू नका. तो स्पंज वर्षांनी चिकट होतो आणि रंग सोबत घेऊन निघतो.

इंग्लंडचा कंट्रोलर भारतात चालतो, दोन्हीकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ, फक्त प्लग बदलायचा. अमेरिकेतून आलेला १२० व्होल्टचा असतो, तो थेट लावलात तर धूर.

---

मिडलंड_मेल

बाखमन ४१.६० ला मिळालं, तुमच्या सल्ल्याने शेवटच्या सेकंदाला. आता एकच प्रश्न: डिकोडर बसवल्यावर ते कधी डीसीवर, कधी डीसीसीवर चालवता येईल ना?

---

लोकोशेड

येईल. सीव्ही २९ (डिकोडरची एक सेटिंग) मधे ४ ची बेरीज असायला हवी, तीच डीसीवर चालण्याची परवानगी. बऱ्याच डिकोडरांत मूळ किंमत ६ असते, म्हणजे ती आधीच दिलेली आहे. मात्र तुमच्या लेआउटवर जिथे डीसी आणि डीसीसीचे भाग शेजारी असतील तिथे ही ४ काढून किंमत २ ठेवा. इंजिन एका भागातून दुसऱ्यात जाताना दोन्हींना एकदम टेकलं की डिकोडर डीसी समजून पूर्ण वेगात सुटतो.